ल्युपस, संधिवात आणि "आता माझा काय उपयोग?" : थेरपीत नेमकं काय व्हायला हवं?

वैनगंगा

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या ऑटोइम्यून (स्वतःचीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटते असे) आजार असलेल्या बायकांच्या आमच्या छोट्या मदतगटातर्फे ओपीडीत वाटायला एक घडीपत्रक करतो आहोत. विषय सायकोथेरपी (बोलण्यातून होणारे मानसोपचार) आणि आत्मसन्मान. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

हे आजार बायकांनाच जास्त होतात. ल्युपसच्या (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी येणारा असा आजार) दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, ऱ्हुमॅटॉइड संधिवातात एका पुरुषामागे दोन-तीन बायका. ल्युपस तर ऐन उमेदीत गाठतो, शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण याच्या मधोमध. निदान व्हायच्या आधी पुष्कळजणींनी "काही नाही, टेन्शन घेता तुम्ही" हे वाक्य इतकं ऐकलेलं असतं की पुढे डॉक्टरांनी "काउन्सेलरला भेटून घ्या" म्हटलं की त्याचा अर्थ "माझं दुखणं खोटं आहे असं यांना वाटतं" असाच लागतो. चिठ्ठी पर्समध्ये राहते, कोणी जात नाही.

माझं मत असं की थेरपी इथे औषधाइतकीच गरजेची आहे, पण ती सुचवायची कशी आणि आत गेल्यावर काय होतं, हे कोणी धड सांगत नाही. तर प्रश्न: चिठ्ठी देताना डॉक्टरांनी काय म्हणावं? खोलीत नेमकं काय काम व्हायला हवं? नागपुरात जायचं कुठे? आणि कृपा करून "सकारात्मक राहा" एवढ्यावर थांबू नका.

निंबोणी

चांगला धागा. क्लिनिकल सायकॉलॉजी हेच काम असल्यामुळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

या आजारांत आत्मसन्मानाला धक्का बसतो तो खऱ्या गोष्टींनी. चेहरा खरंच सुजलेला असतो, केस खरंच गळतात, बोटं खरंच वाकतात. नवशिक्या थेरपिस्टची चूक इथेच होते. नैराश्यात शिकवतात तसं तो विचारालाच आव्हान देतो, "चेहरा वाईट दिसतो याला पुरावा काय?" पुरावा आरशात असतो. बाई मनातल्या मनात उठून जाते आणि पुढच्या वेळी येत नाही.

म्हणून विचाराची नोंद करताना "घटना" आणि "निष्कर्ष" हे दोन रकाने वेगळे ठेवायचे. एक पान कसं दिसतं बघा:

घटना: सकाळी बोटं आखडलेली, डब्याच्या पोळ्या झाल्या नाहीत, नवऱ्यानं कॅन्टीनमध्ये खाल्लं.
निष्कर्ष: मी या घरावर ओझं आहे. (विश्वास ९० टक्के)
भावना: लाज ८०, राग ४०.
निष्कर्षाच्या बाजूचं: पोळ्या झाल्या नाहीत. नवरा चिडला.
विरुद्ध बाजूचं: मुलाचा अभ्यास घेतला. विजेचं बिल, सासऱ्यांची बीपीची गोळी माझ्याच लक्षात होती. नवरा उशिरा चिडला, तेही ऑफिसातून आलेल्या फोनमुळे.
नवा निष्कर्ष: आज हात चालले नाहीत. घर माझ्या हातांवर चालतं, पण फक्त हातांवर नाही. (विश्वास ५५ टक्के)

घटनेच्या रकान्याला हात लावायचा नाही, ती मान्य. काम सगळं निष्कर्षावर. आणि ५५ म्हणजे ५५. शंभरावर न्यायची घाई केली की ते पान खोटं होतं.

खाली मुळाशी एक वाक्य असतं. मेलानी फेनेल यांनी १९९७ मध्ये कमी आत्मसन्मानाचा जो आराखडा मांडला त्यात त्याला तळाचा निष्कर्ष म्हणता येईल, उदा. "मी कामाची नाही." त्याच्यावर जगण्याचे नियम उभे राहतात: "सगळं माझ्या हातून झालं तरच मी बरी", "कुणाला मागायचं नाही". आजाराआधी ते नियम पाळता यायचे, त्यामुळे तळ झाकलेला राहायचा. आजार आला, नियम मोडले, तळ उघडा पडला. थेरपीत आधी रोजचे निष्कर्ष, मग नियम, आणि तळ सगळ्यात शेवटी. पहिल्याच भेटीत बालपण उकरणं बहुतेकवेळा नको.

बर्डीकर

निंबोणीताई, ते पान फोनमध्ये सेव्ह केलं. म्हणजे "पॉझिटिव्ह थिंकिंग"पेक्षा हे वेगळं आहे तर.

निंबोणी

हो बर्डीकर. तिथे वाईट विचाराच्या जागी चांगला विचार चिकटवतात. इथे खरा विचार शोधतात, तो थोडा वाईट असला तरी चालतो.

कन्हानकाठ

ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं सोपी करून देणारे उपचार) बाजूनं एक स्पष्ट मतभेद नोंदवतो. आत्मसन्मान नंतर, आधी थकव्याचं गणित. ज्या बाईला संध्याकाळी चारला डोळे उघडे ठेवता येत नाहीत तिला रकाने कसले भरायला लावता? पेसिंग, म्हणजे काम मोजून, तुकड्यातुकड्यांत करणं, शिकवा, निम्मा आत्मसन्मान आपोआप परत येतो.

पद्धत अशी. सात दिवस डायरी, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन. प्रत्येकात काम लिहायचं आणि थकवा ० ते १०. मग एकेका कामासाठी वेळ मोजायचा: बऱ्या दिवशी किती मिनिटं जमतं, वाईट दिवशी किती, त्याची सरासरी, आणि त्यातून साधारण पाचवा हिस्सा वजा. ओट्याशी सरासरी १५ मिनिटं उभं राहता येत असेल तर एका वेळी १२ मिनिटंच उभं राहायचं. बारा मिनिटं झाली की बसायचं, थकवा आला असो वा नसो. घड्याळ थांबवतं, शरीर नाही, हा मुद्दा समजला की सगळं समजलं. दोन आठवडे हे स्थिर राहिलं, सूज नाही, तर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवायचं.

चुकतं कुठे? बऱ्या दिवशी. आज बरं वाटतंय म्हणून पडदे, माळा, मसाल्याचे डबे सगळं एकदम निघतं, आणि पुढचे चार दिवस अंथरूण. त्या चार दिवसांत "मी आळशी" हा विचार पक्का होतो.

बाकी साधनं साधी आहेत. ओट्यापाशी उंच स्टूल, जाड मुठीचा झारा, झाकणाखाली रबरी जाळी, कुकर एका हातानं न उचलता दोन्ही तळहातांवर. बाटलीचं झाकण बोटांनी न पिळता तळहातानं.

निंबोणी

कन्हानकाठदादा, पद्धत शंभर टक्के बरोबर, क्रमाबद्दल सहमत नाही. बारा मिनिटांनी बसायचं हे बाईला कळतं, पण ती बसत नाही. का? सासूबाई बघतात म्हणून, आणि सासूबाई घरात नसल्या तरी डोक्यातल्या सासूबाई बघतातच म्हणून. पेसिंग अपयशी होतं ते अपराधीपणामुळे. "बसणारी बाई म्हणजे आळशी बाई" हा नियम आधी सैल केल्याशिवाय स्टूल विकत आणलं तरी त्याच्यावर भांडी ठेवली जातात.

म्हणून दोन्ही एकत्र, पेसिंगचाच प्रयोग करून. आधी भाकीत लिहायचं: "बारा मिनिटांनी बसले तर घरचे नाराज होतील, स्वयंपाकाला तासभर उशीर होईल." तीन दिवस बसून बघायचं. मग प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. बहुतेकवेळा उशीर होतो, पण तासाचा नाही. कोणी बोललंच तर काय बोललं तेही शब्दशः लिहायचं, कारण आठवणीत ते नेहमी वाढतं.

आंबील

स्टूलवर भांडी! हे वाक्य आमच्या वाड्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला लागू आहे 😄

पण बाप्पा, हे सगळं महालक्ष्म्यांच्या वेळी कसं करून राहाल? अडीच दिवस, सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, पन्नास पानं. तिथं बारा मिनिटांचं घड्याळ कोण ऐकते?

कन्हानकाठ

आंबीलताई, हाच खरा परीक्षेचा पेपर आहे. भाद्रपदात विदर्भातल्या पुष्कळ घरांत या तीन दिवसांनंतर सांधे उसळतात, आणि "गौरी जेवायच्या दिवशी मी झोपून होते" ही टोचणी वर्षभर राहते. म्हणून आराखडा सणाच्या तीन आठवडे आधी बसून करायचा.

कागदावर कामांचे तीन गट. पहिला, जे तिच्याच हातून व्हावं असं तिला मनापासून वाटतं. अशी दोनच कामं निवडायची, उदा. मुखवटे बसवणं आणि नैवेद्याचं ताट वाढणं. दुसरा, जे तिनं बसून सांगायचं आणि दुसऱ्यानं करायचं: पुरणाचं प्रमाण, फराळाची यादी, कोणती भाजी कोण चिरणार. तिसरा, जे विकत आणता येतं किंवा सोडता येतं. सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी करायची पद्धत बऱ्याच घरांत आहेच, तिथे सोळा कढया लागतच नाहीत. डाळ आदल्या दिवशी शिजवून ठेवावी, पुरण मिक्सरमधून काढावं, यंत्रावर मनगट फिरवू नये. आवाहनाच्या आदल्या दिवशी आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर "काही नाही" असं आधीच लिहून ठेवायचं.

आणि गोळ्या. गर्दीत सकाळची स्टेरॉइड विसरते, किंवा पूजा होईस्तोवर पोट रिकामं म्हणून पुढे ढकलली जाते. प्रेडनिसोलोन खाऊनच घ्यायची, पण घ्यायची सकाळीच. नैवेद्याआधी दूध-पोळी खाल्ली तर बिघडत नाही, हे घरातल्या मोठ्या बाईच्या तोंडून आलं तर सोन्याहून पिवळं.

निंबोणी

पहिल्या गटाबद्दल थोडं. थेरपीत याला मूल्यांचं काम म्हणतात, स्टीव्हन हेज यांच्या ॲक्सेप्टन्स ॲण्ड कमिटमेंट थेरपीत त्याला मोठी जागा आहे. "या सणात तुम्हाला काय जपायचंय?" विचारलं तर क्वचितच कोणी "पुरण वाटणं" म्हणतं. घर एकत्र येणं, सुनांना पद्धत शिकवणं, देवीसमोर शांत बसणं, अशी उत्तरं येतात. ते पुरण न वाटताही होतं. कामाची रीत बदलते, त्यामागचं मोल राहतं. हे बाईनं स्वतः म्हटलं पाहिजे, थेरपिस्टनं म्हटलं की ते प्रवचन होतं.

औषधवेल

इंटर्नल मेडिसिनकडून काही गोष्टी, कारण सगळंच "आत्मसन्मान कमी" म्हणून थेरपीकडे पाठवणं धोक्याचं आहे.

एक, स्टेरॉइड. प्रेडनिसोलोनचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर गेला की मनःस्थिती बिघडण्याची शक्यता स्पष्ट वाढते. चिडचिड, झोप उडणं, अचानक रडू, कधी उलट फार उत्साह आणि खर्च. हे बहुधा सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत दिसतं. ते औषधाचं आहे, स्वभावाचं नाही, एवढं कळलं तरी बाईला केवढा दिलासा मिळतो. पण गोळी मनानं बंद करायची नाही. काही आठवडे घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणारी ग्रंथी सुस्तावते, एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांना फोन करा, डोस उतरवण्याचा वेग तेच ठरवतील.

दोन, ल्युपस थेट मेंदूवर येऊ शकतो. नवा गोंधळ, भास, आकडी, ओळखीच्या माणसांवर अचानक संशय, असं काही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ. थेरपीची पुढची तारीख बघत बसू नका.

तीन, थायरॉइड. एक ऑटोइम्यून आजार असला की दुसरा सोबत असण्याची शक्यता जास्त, आणि थायरॉइड मंदावलं की जडपणा, झोप, निरुत्साह, वजन, सगळं नैराश्यासारखंच दिसतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ तपासल्याशिवाय "मनाचं आहे" म्हणू नये.

चार, नैराश्याची गोळी सुरू झाली तर मानसोपचारतज्ज्ञाला सगळ्या औषधांची यादी दाखवा. आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांसोबत एसएसआरआय या नैराश्यावरच्या गटातल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या ल्युपस-संधिवातातल्या नेहमीच्या गोळीसोबत एस्सिटॅलोप्राम (एक एसएसआरआय) असेल तर ईसीजी बघावा लागू शकतो. दोन्ही घेता येतात, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत हवं.

आणि पत्रकात हेही ठळक छापा: थेरपीनं मन, झोप, दुखणं सोसण्याची ताकद सुधारते, पण सांध्यांची झीज आणि मूत्रपिंडाची सूज रोखायचं काम औषधांचं.

शेवंती_धंतोली

औषधवेल, अगदी नेमकं. मोजपट्ट्यांबद्दल जोडते. ओपीडीत सरसकट पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतात. त्यातल्या नऊ प्रश्नांत झोप, थकवा, भूक, एकाग्रता, हालचाल मंदावणं हे पाच तर आजारामुळेही येतात. एकूण २७ पैकी १० आले म्हणजे नैराश्य असं छापील उत्तर इथं फसतं. पहिले दोन प्रश्न, म्हणजे रस जाणं आणि उदास वाटणं, तसंच सहावा, म्हणजे आपण निकामी आहोत असं वाटणं, हे वेगळे वाचावेत. इस्पितळांसाठीच बनलेली एचएडीएस ही १४ प्रश्नांची पट्टी शारीरिक लक्षणं वगळून केलेली आहे, ती जास्त बरी. मात्र पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला, स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच बैठकीत सरळ विचारायचं. विचारल्यानं विचार वाढत नाही.

आत्मसन्मानासाठी रोझेनबर्ग यांची १९६५ ची पट्टी: दहा वाक्यं, पाच सरळ, पाच उलटी, गुण ० ते ३०, पंधराच्या खाली म्हणजे कमी. उलट्या वाक्यांचे गुण फिरवायला विसरतात, तिथेच गडबड होते. आजार उसळलेला असताना किंवा स्टेरॉइड नुकतं वाढवलेलं असताना भरलेल्या पट्टीवर निर्णय घेऊ नये, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा भरावी.

तान्हापोळा

एक नागपुरी कल्पना मांडतो. नॅरेटिव्ह थेरपीत आजाराला माणसापासून वेगळं करून बघतात, मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची पद्धत. "मी रोगट" असं न म्हणता "आजार माझ्याकडे येतो, हे करतो" असं बोलायचं. आपल्याकडे मारबत (रोगराईचा पुतळा, मिरवून जाळतात तो) आहेच की! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं शहर "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडतं. गटात बायकांनी आपल्या आजाराची कागदी मारबत करावी, तिच्यावर आजारानं दिलेली नावं लिहावी, आळशी, ओझं, वांझोटी, काय काय, आणि ती जाळावी.

निंबोणी

कल्पना गोड आहे आणि गटात रंगेल. पण एक अट घालीन. ऑटोइम्यून आजारात आजार बाहेरचा नसतो, स्वतःचीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटलेली असते. शिवाय आजार शांत होतो, जात नाही. मारबतीसोबत आजार जाळला आणि दोन महिन्यांनी चेहऱ्यावर पुरळ उठलं, की "माझ्यातच खोट आहे, माझी तर मारबतही पावली नाही" असं व्हायला वेळ लागत नाही. स्वतःच्याच शरीराचा द्वेष करायला शिकवणं नको.

तान्हापोळा

मग आजार नको जाळायला. फक्त नावं जाळू. "आळशी", "ओझं" ही लोकांनी दिलेली आहेत, रोगानं नाही.

निंबोणी

आता पूर्ण मान्य. आजाराला घरात ठेवायचं, नावांना हाकलायचं. जाळायच्या आधी प्रत्येक नावामागे "हे पहिल्यांदा कोण बोललं, कधी" एवढं लिहून घ्या, खरं काम तिथे होतं.

बर्डीकर

मारबत मोर्च्यात नाव नोंदवलं 🙋

गोरेवाडा

उन्हाबद्दल कोणी बोललं नाही, आणि आपलं नागपूर म्हणजे मे महिन्यात ४५ च्या वर. ल्युपसमध्ये अतिनील किरणांनी पुरळ आणि आजार दोन्ही उसळतात. इथे सोय अशी की उन्हाळ्यात टू-व्हीलरवरची प्रत्येक मुलगी स्कार्फ बांधते, त्यात कोणी वेगळं दिसत नाही. स्कार्फ घट्ट विणीचा, गडद रंगाचा हवा, पातळ पांढऱ्या ओढणीतून बरंच ऊन आत येतं. सनस्क्रीन एसपीएफ ५०, दोन बोटांच्या लांबीएवढं चेहरा-मानेला, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. ढगाळ पावसाळ्यातही.

शेवंती_धंतोली

गोरेवाडा, याच स्कार्फला दुसरी बाजू आहे. उन्हासाठी बांधलेला स्कार्फ वर्गात, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्येही सुटत नाही, तेव्हा तो लपण्यासाठी झालेला असतो. लपल्यानं त्या क्षणी बरं वाटतं, पण "माझा चेहरा दिसला तर अनर्थ होईल" हा विचार कधी तपासलाच जात नाही.

पायऱ्या अशा लावतात: आधी घरात पाहुण्यांसमोर पाच मिनिटं, मग लिफ्टमध्ये, मग ओळखीच्या किराणा दुकानात, मग ऑफिसच्या डब्याच्या वेळी. प्रत्येक पायरीवर भीती ० ते १०, आधी आणि नंतर. निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी. नाक्यावरच्या भरउन्हात स्कार्फ काढायचा प्रयोग अजिबात नाही, तिथे तो औषध आहे.

आरशाचा सराव वेगळा. हातभर अंतर, रोज तीन ते पाच मिनिटं, आणि फक्त वर्णन: "गाल गोल आहेत, डाव्या गालावर लाल पट्टा, भुवया काळ्या." कुरूप नाही, सुंदरही नाही. "स्वतःवर प्रेम करा" असं पहिल्या दिवशी सांगितलं तर आरसा पालथा घातला जातो. सोबत खरी माहिती द्यावी. स्टेरॉइडनं आलेला गोल चेहरा डोस उतरल्यावर काही महिन्यांत उतरतो, आजाराच्या झटक्यानं गळलेले केस बहुतेक परत येतात, पण डिस्कॉइड (व्रण ठेवून जाणाऱ्या) पुरळाच्या व्रणावरचे केस येत नाहीत. जे येणार नाही ते येईल म्हणू नये. त्यासाठी विगची माहिती आणि दुःखाला वेळ, दोन्ही लागतात.

आंबील

आणि लोकायच्या तोंडाचं काय? "काहून वं, चेहऱ्याले काय झालं? लई सुजली दिसते." लग्नात गेलं की पंचवीस जणी विचारतात.

शेवंती_धंतोली

उत्तर तयार ठेवायचं, तीन मापांत. अनोळखींसाठी तीन शब्द: "औषधानं सुजलाय, उतरेल." ओळखीच्यांसाठी दोन वाक्यं: "संधिवाताचं औषध चालू आहे, त्यानं चेहरा भरतो. डॉक्टर डोस कमी करताहेत." जवळच्यांसाठी पाहिजे तेवढं. आणि प्रत्येकानंतर लगेच प्रश्न त्यांच्याकडे: "तुमच्या मुलीचं कुठवर आलं?" सत्रात थेरपिस्टनं काकू व्हायचं आणि बाईनं उभं राहून, मोठ्यानं, दहादा म्हणायचं. वाचून पाठ होत नाही, घशातून काढावं लागतं. सल्ला सुरू झाला, अमुक काढा, तमुक बाबा, तर "डॉक्टरांना विचारते" म्हणून विषय बंद.

उमरेड_रोड

लग्न जमवताना सांगावं का, कधी सांगावं, हे पण पत्रकात टाका. मुली यातच जास्त खचतात.

औषधवेल

लपवून लग्न करू नये, पण पहिल्याच फोनवर फाइल उघडायचीही गरज नाही. दोघांची बोलणी पुढे जाताहेत असं वाटलं की मुलीनं स्वतः सांगावं, मध्यस्थानं नाही. आणि मूल होणार नाही हा समज खोडून काढा. आजार सहा महिने शांत असताना, औषधं आधीच बदलून, ठरवून गर्भधारणा केली तर ल्युपसमध्येही बहुतेक बायकांना मूल होतं. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं गर्भाला घातक, ती आधी थांबवावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. अँटी-आरओ (रक्तातल्या एका प्रतिपिंडाची) तपासणी आधी करून घ्यावी. "वांझोटी" हे नाव त्या मारबतीवर पहिलं लिहा.

वैनगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरत चालली आहे. दोन गोष्टी राहिल्या: सत्रं किती आणि केव्हा, आणि नागपुरात जायचं कुठे?

निंबोणी

सत्रं साधारण १२ ते १६, आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्यानं. नेहमीचं ४५-५० मिनिटांचं सत्र थकलेल्या बाईला झेपत नाही, ३० मिनिटांची दोन ठेवावीत किंवा अर्धी व्हिडिओवर, आडवं पडून बोललं तरी चालतं. संधिवातात सकाळी नऊची वेळ देऊच नये, सांधे सुटायला तास-दोन तास जातात, अकरानंतर द्यावी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते (रोज नाही, रोज घेणं जिवावर बेतू शकतं), तिच्या दुसऱ्या दिवशी मळमळ आणि थकवा असतो, तो दिवस टाळावा. आजार उसळला की सत्र रद्द न करता १५ मिनिटांचा फोन. त्यात नवं काही शिकवायचं नाही, फक्त उसळीसाठी आधी लिहून ठेवलेला कागद वाचायचा: कोणती कामं बंद, कोणाला फोन, कोणती गोळी कधी. "रद्द" झालं की "मला हेही जमलं नाही" ची आणखी एक ओळ वाढते.

घरच्यांसोबत एक-दोन बैठका ठेवा, पण पहिली भेट बाईची एकटीची. नवरा किंवा सासू सहज आत येऊन बसतात, त्यांना नम्रपणे बाहेर बसवणं हे थेरपिस्टचं काम, बाईच्या डोक्यावर टाकू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गुप्ततेचा हक्क स्पष्ट आहे.

गोरेवाडा

जायचं कुठे ते लिहितो. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी इस्पितळांत मानसोपचार विभाग आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. कोराडी रोडला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या नावाची भीती बायकांना वाटते, म्हणून सुरुवात आपण जिथे सांध्यांसाठी जातो त्याच इस्पितळात झाली तर बरं, एकाच फेरीत दोन कामं होतात. रामदासपेठ-धंतोलीत खासगी पुष्कळ आहेत, पण पाटी बघून जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. विचारायला लाजू नका, खरा माणूस लगेच देतो.

आणि टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. जीव द्यावासा वाटतोय अशी वेळ असेल तर रात्री दोनलाही लावा.

विमा: २०१७ च्या त्याच कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे. मात्र बहुतेक पॉलिस्या भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीतली थेरपी त्यात असेलच असं नाही. आधी पॉलिसीत "ओपीडी" शोधा.

कन्हानकाठ

गट चालवणार असाल तर आठ-दहा जणी, दीड तास, मध्ये उठून चालायला दहा मिनिटं. खुर्च्या हातवाल्या, जमिनीवरची बैठक नको. कालच निदान झालेल्या मुलीला वीस वर्षं जुन्या संधिवाताच्या काकूंशेजारी पहिल्याच दिवशी बसवू नका, ती बोटं बघते आणि बाकी काही ऐकू येत नाही. नव्यांचा वेगळा गट, दोन-तीन महिन्यांनी एकत्र. नियम दोन: औषधाचा सल्ला नाही आणि एएनए (ऑटोइम्यून आजारांसाठीची रक्ततपासणी) रिपोर्टची तुलना नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं, पण गटात ते लगेच मार्कांसारखं होतं.

औषधवेल

वैनगंगाताई, तुमचा पहिलाच प्रश्न राहून गेला, डॉक्टरांनी म्हणावं काय. माझा मसुदा:

"तुमचा आजार खरा आहे, तो रिपोर्टमध्ये दिसतो आणि त्याची औषधं मी देतो आहे. असा आजार सांभाळताना झोप, मन आणि स्वतःबद्दलचं मत यांच्यावर ताण येतो, औषधांमुळेही येतो. त्या भागासाठी आपल्या टीममध्ये अमुक आहेत. माझी औषधं आणि त्यांचं काम सोबत चालेल. पुढच्या वेळी मी तुम्हाला दोन्हींबद्दल विचारीन."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पाठवून दिलं आणि विषय संपला असं वाटता कामा नये.

निंबोणी

उत्तम. दोन सुधारणा. पुष्कळ बायकांचे रिपोर्ट सुरुवातीला साफ येतात, विशेषतः सेरोनिगेटिव्ह (रक्ततपासणीत खूण न दिसणाऱ्या) संधिवातात, तेव्हा "रिपोर्टमध्ये दिसतो" ऐवजी "तपासून मला खात्री आहे" म्हणा. आणि हे निदानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच सगळ्यांना सांगा, रडली तिलाच नाही. रडल्यावर सांगितलं की ती शिक्षा वाटते.

वैनगंगा

दोन्ही सुधारणा घेतल्या. पत्रकाच्या पहिल्या पानावर हेच वाक्य, मागच्या बाजूला निंबोणीताईंचं रकान्यांचं पान कोरं छापून, आणि खाली १४४१६. अक्षर १४ पॉइंटचं ठेवतो आहोत, शोग्रेन या ऑटोइम्यून आजारात डोळे कोरडे असतात त्यामुळे बारीक वाचवत नाही. घडी एकच, दोन घड्या उघडायला आखडलेल्या बोटांना त्रास होतो. शेवंतीताई, तीन मापांची उत्तरं वऱ्हाडीतही लिहून द्याल का?

आंबील

वऱ्हाडीतली मी देतो लिहून. पहिलं घ्या: "गोळ्यायनं फुगला वं माय, उतरंल. तुही पोरगी काय म्हन्ते?"